पावसाळ्यापुरतं घर

हा लेख मी लिहावा का, याची शंका लिहायला बसल्यावरही गेलेली नाही. लेण्यांवर लिहायचं तर ब्राह्मी वाचता यायला हवी. रानातल्या जनावरांवर लिहायचं तर वर्षानुवर्षं त्यांच्या मागं हिंडलेलं असायला हवं. माझ्याकडे दोन्ही नाही. मी नगरला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं काही चुकलं तर घरी कुणी सांगणारंही नाही. जे पाहिलं ते एकाच हिवाळ्यात, एसटीनं, एकट्यानं आणि घाईघाईनं पाहिलं. जाणकारांनी हे वाचलंच तर मोठ्या मनानं वाचावं, एवढंच म्हणतो.

दसरा झाला की आमच्या वसतिगृहासमोरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. यंदाही लागले आहेत. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत चिपाडाच्या चटया, पत्र्याच्या पेट्या, चुलीची भांडी, उलट्या पाटीखाली कोंबड्या, आणि सगळ्यावर बसलेली माणसं. बायांनी डोक्यावरचे पदर दातात धरलेले असतात. पोरं मात्र सहलीला निघाल्यासारखी हात हलवतात. मी खिडकीतून हात हलवत नाही. मला त्या ट्रॉलीतली बसण्याची जागा पाठ आहे. पेटीच्या कोपऱ्याशी बसलं तर वारा कमी लागतो.

माझं गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आमच्याकडे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, बसायच्या आधीच उठतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं आणि होळी-पाडव्यानंतर भरतं. मधले महिने आईवडील कारखान्यांच्या ऊसतोडीला असतात. आमचे अण्णा आणि आई कराडच्या बाजूला जातात. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको उसाचा पाला साळते आणि मोळ्या बांधते, मग दोघं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला मुकादम सहसा नेत नाही.

आमच्या घरात असा एक अर्धा कोयता होता. माझी सोजरआत्या, अण्णांची थोरली बहीण. तिचा नवरा तोडीवरच, गाडी भरताना गेला. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. मी शाळेला लागलो तसं आईवडील मला मागं ठेवून जाऊ लागले ते तिच्याच भरवशावर. चार म्हातारी माणसं सोडली तर रिकाम्या गावात आत्या, मी आणि एक शेळी.

"मी अर्धी, तू पाव, शेळी पाव," ती भाकरी थापताना म्हणायची. "झाला का न्हाई एक कोयता?"

पण उसाचं नाव काढलं की तिचा आवाज बदले. "त्या फडात मी पुन्यांदा पाय ठिवनार न्हाई. देवानं येऊन सांगितलं तरी न्हाई." गावात कुणी ऊस खायला दिला तर ती तो शेळीपुढं टाकायची.

मागच्या वर्षी इतिहासाच्या मॅडम लेणी शिकवत होत्या. त्यांनी सांगितलं की भिक्खू वर्षातला बराच काळ पायी फिरत असत. मुक्काम टाकायचा नाही, असा त्यांचा नियम. फक्त पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या, पायाखाली जीव मरायचे, म्हणून तेवढे महिने एका जागी राहायचं. त्याला वर्षावास म्हणत. डोंगरात कोरलेल्या या खोल्या म्हणजे त्यांची पावसाळ्यापुरती घरं.

मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. मला हात वर करून सांगावंसं वाटलं, मॅडम, आमच्याकडेही असंच आहे. आमच्या गावातसुद्धा माणसं पावसाळ्यातच घरी असतात. पण वर्गात साठ पोरं होती. कुणीतरी हसलं असतं, किंवा मॅडमनी समजून घेतलं असतं, आणि मला दोन्ही नको होतं. मी हात वर केला नाही. मात्र तेव्हापासून ती दगडी घरं एकदा बघायचीच असं मनात बसलं.

माझा खोलीतला सोबती दानियल कोल्हारचा. त्याच्या घरी तीन पिढ्यांपासून चर्च. शनिवारी दुपारी तो गावी जायचा आणि सोमवारी सकाळी डब्यात काहीतरी घेऊन परतायचा. रविवारी वसतिगृहात नळाचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. ज्यांना घर आहे ते घरी जातात. मलाही घर होतं, आत्या होती, पण पाथर्डीला उतरून पुढं गावची गाडी मिळवायची तर रविवार तिथंच संपतो. म्हणून मी उलट्या दिशेला जाऊ लागलो.

"बरंय की," दानियल म्हणाला. "रविवारी तू बुद्धाकडं, मी येशूकडं. आपल्या खोलीला माणसं सोमवारीच भेटायची."

पहिल्यांदा गेलो ते जुन्नरला. नगरहून कल्याणची गाडी टाकळी ढोकेश्वरावरून, आण्याच्या घाटातून आळेफाट्याला जाते, तिथून पुढं गाडी बदलायची. जिल्हा कधी संपला ते कळत नाही. इतकंच कळतं की उजाड माळ मागं पडला आणि हिरवं सुरू झालं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर गर्दी होती, पण ती सगळी गणपतीला चाललेली. गणपतीही एका जुन्या विहारातच बसलेला आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. शेजारच्या चैत्यगृहात मी एकटा होतो. खांबांवर दगडी हत्ती, वाघ बसलेले, मधोमध स्तूप, आणि अंधाराला एक थंड, ओला वास. बाहेरून घंटेचा आवाज येई. तो आत येईपर्यंत म्हातारा होऊन जाई.

एक कुटुंब चुकून आत डोकावलं. "दादा, आमचा एक फोटो काढता का?" त्या माणसानं मोबाईल माझ्या हातात दिला. मी तीन-चार काढले. त्यांची छोटी मुलगी मोबाईल परत घेताना म्हणाली, "तुमचा कुणी काढायचा? तुम्ही कुणाबरोबर आलात?"

मी म्हटलं, "मी अभ्यासाला आलोय." ते उत्तर नव्हतं, पण तिला पटलं.

मग एका लहान खोलीत शिरलो. दोन पावलांत संपणारी खोली, एका कडेला दगडातच सोडलेला ओटा. कुणी बघत नाही असं पाहून मी त्यावर आडवा झालो. ओटा मला बरोबर पुरला. इतक्या शतकांपूर्वी माझ्याएवढाच कुणी तिथं पाऊस थांबण्याची वाट बघत पडला असेल. त्याला घरची आठवण येत असेल का? मॅडमनी ते सांगितलं नव्हतं. पुस्तकात दात्यांची नावं मिळतात. धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, अशा साध्या माणसांनीही लेण्यांना दान दिल्याचे लेख जुन्नरला आहेत. पण ज्यांनी त्या खोल्यांत दिवस काढले त्यांची नावं कुठं दिसली नाहीत. ओसरीत येऊन उभा राहिलो तर खाली नदीकडेला ऊस, आणि उसाच्या तोडलेल्या भागात मुंगीएवढी माणसं वाकलेली. दोन-दोन माणसं. मी बराच वेळ त्या जोड्या बघत राहिलो आणि परतीची गाडी चुकवली.

आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "पांडवांची लेनी बघून आला व्हय? त्यांनी एका राती कोरली म्हन्त्यात."

"पांडवांची न्हाईत गं. बौद्ध भिक्खूंची हायेत."

"आसंल. पर राहायला कुनी हाय का तिथं?"

"कुणी न्हाई. वटवाघळं हायेत."

"मंग आपल्या गावासारखंच म्हन की."

नाताळात दानियलनं फार आग्रह केला, पण मी कोल्हारला गेलो नाही. दुसऱ्याच्या घरातली लगबग बघितली की आपलं रिकामं गाव जास्त दिसतं. त्या दिवसांत आईचा फोन आला होता. आई-अण्णांकडे मोबाईल नाही, तोडीवरच्या कुणाच्या तरी मोबाईलवरून ती कधीतरी करते. तिचा आवाज हसरा होता. फडात बिबट्याची पिल्लं सापडली होती.

"मांजरागत हुती रं. डोळं बी उघडलं नव्हतं धड. समद्यांनी कोयतं खाली टाकलं. वनखात्याची मान्सं आली, त्यांनी टोपल्यात घातली आन तिथंच ठिवली. आमाला म्हनली, लांब व्हा, ह्यांची आई येती."

"आली का मग?"

"आली की सांच्याला. एकेक करून तोंडात धरून घेऊन गेली." मग म्हणाली, "मानसाला तसं न्हाई करता येत."

फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ ते टोपलं डोळ्यापुढं आणत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, संक्रांत अजून यायची होती, पुन्हा फोन आला. या वेळी आई हसत नव्हती. अण्णा मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढत होते, फळी सरकली, आणि ते पाठीवर पडले. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर धरली होती. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली होती.

"मुकादम काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय म्हननार? जागा भरा म्हनतो. एकलीचा कोयता कसा धरू म्हनतो." मग घाईनं म्हणाली, "तू काय मनाला लावून घिऊ नको. आत्या सांगंल तसं कर."

मनाला लावून घ्यायचं नाही म्हणजे काय, ते मला कळलं होतं. आईच्या जोडीला माणूस पाहिजे होता, आणि त्या घरात धडधाकट असा मीच उरलो होतो. आमच्या गावातली कितीतरी पोरं अशीच गेलीत. कुणाचा बाप पडला, कुणाची आई आजारी झाली, पोरगा जागेवर उभा राहिला, आणि पुन्हा वर्गात बसला नाही. मी रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही. मी झोपलो. सकाळी उठून आत्याला फोन केला आणि म्हटलं, "मी निघतो."

"कुठं निघतो?" ती खेकसली. "बोलावलंय का तुला कुनी? तुज्या आईचा सांगावा आला तर मी कळवीन. तवर हिकडं बी फिरकू नको आन तिकडं बी जाऊ नको. पुस्तक धर."

"पण मुकादम..."

"मुकादमाचं मी बघती. त्याच्या बापाला वळखती मी."

मग वाट बघणं सुरू झालं. मी पिशवी भरून कॉटखाली ठेवली. दानियलनं माझा तळहात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "हे हात बघून ऊस हसंल." मग त्याला वाईट वाटलं आणि त्यानं स्वतःची कातडी हातमोज्यांची जोडी, जी त्याच्या भावानं नागापूरच्या कारखान्यातून आणली होती, माझ्या पिशवीत टाकली.

बोलावणं आज येईल, उद्या येईल. तोवर जमेल तेवढं बघून घ्यावं, एवढीच माझी धडपड होती. एकदा फडात उभा राहिलो की लेणी कसली आणि अभयारण्य कसलं. म्हणून त्या हिवाळ्यातलं सगळं मी निरोप घेतल्यासारखं पाहिलं. पुन्हा जुन्नरला गेलो तो तुळजा लेण्यांसाठी. तिथं एक गोल चैत्य आहे. गोल मांडलेले साधे खांब, मधे स्तूप, कसलंही नक्षीकाम नाही. मी त्याला फेऱ्या मारल्या. भक्तीनं म्हणता येणार नाही. थांबलं की खिशातला मोबाईल वाजेल असं वाटायचं. त्या डोंगरात रेंज नव्हती हे परतताना कळलं.

श्रीगोंद्याच्या बाजूला माळढोकासाठी राखलेला माळ आहे. तिथंही जाऊन आलो. पाटी आहे, पाटीवर ऐटदार मानेचा पक्षी आहे. समोरच्या माळावर मात्र नुसता वारा होता, आणि कुसळं पँटला चिकटत होती. एक मेंढरं राखणारा भेटला. "कवाच गेली ती पाखरं," एवढं म्हणून तो पुढं गेला. आत्यानं मात्र लहानपणी पाहिली होती.

"आमी हूम म्हनायचो त्याला," ती फोनवर म्हणाली. "मानसागत चालायचं. उडायच्या आदी लई इचार करायचं. तुज्यागत."

"आईचा काही सांगावा?"

"न्हाई. आला की सांगती म्हनलं ना."

तिच्या फोनमध्ये अलीकडं वारा फार येत असे. "कुठं हायेस गं?" विचारलं तर म्हणे, "कुठं आसनार, दारात हाय." आणि लवकर ठेवून देई. शेळीचं विचारलं तर म्हणे, बरी हाय. मी समजलो, तिलाही माझ्यासारखंच रिकाम्या गावात बोलणं नको झालं असेल.

माघ सरता सरता रेहेकुरीला गेलो. कर्जतच्या पुढं छोटंसं अभयारण्य आहे ते, काळविटांचं. सोन्यासारखं वाळलेलं गवत, हिवर, बाभळी, बोरी. फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेतला तर टपरीवाल्यानं मला खालीवर पाहिलं.

"एकलेच? जोडीदार न्हाई?"

"नाही."

"मंग त्या काळ्याचीच जोडी लावा. त्यो बी सकाळधरनं एकलाच उभा हाय." स्वतःच्याच बोलण्यावर तो खूष होऊन हसला.

मनोऱ्यावरून तो दिसला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, पिळाची शिंगं. बदामी माद्यांचा कळप लांब चरत होता, आणि हा एकाच ठिकाणी उभा. मधेच मान वर करून चार पावलं चाले आणि परत त्याच जागी येऊन थांबे. मी तासभर पाहिलं. कुणी त्याला बांधलं नव्हतं. खाली आल्यावर टपरीवाल्याला विचारलं, तो कळपात का जात नाही.

"जाईल कसा? जागा धरलीय त्यानं. जरा हलला की दुसरा येऊन उभा ऱ्हातोय." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळून, "च्या फुल की हाफ?"

कर्जतच्या स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघताना मला अण्णांची जागा दिसत होती. उसाच्या सरीत आईच्या उजव्या बाजूची. दीड महिना होत आला होता. ती जागा इतके दिवस रिकामी कशी राहिली? मुकादमानं आईला अजून कसं ठेवलं? की आईच आजाऱ्याला घेऊन कुठंतरी पडलीय आणि आत्या मला सांगत नाही? एकट्यानं हिंडण्यात एक सोय असते, आपण वाईट विचार करतो तेव्हा कुणी विचारत नाही, काय झालं. त्या संध्याकाळी मला ती सोय नको होती.

आता लिहिताना कळतं की त्या दिवसांत मी पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नव्हतं. लेण्यात भिक्खू नव्हते, माळावर माळढोक नव्हता. राखून ठेवलेली घरं, आणि राहणारे निघून गेलेले. सरकार पाटी लावतं, पुरातत्त्वखातं कुंपण घालतं, आपण जाऊन बघून येतो. आमच्या गावाला पाटी नाही, एवढाच फरक मला तेव्हा वाटायचा. तरी मनाला एक धर होता. आमच्या घरात तरी आत्या आहे. दिवेलागणीला तिथं चूल पेटते. जवळजवळ सगळं गाव बंद असलं तरी एका घराच्या कौलांतून धूर निघतो, आणि तो माझ्या घराचा आहे.

होळीला वसतिगृह मोकळं झालं. आत्यानं फिरकू नको म्हटलं होतं, पण मला आणखी धीर निघाला नाही. कॉटखालची पिशवी घेतली. घरी एक मुक्काम करायचा, आत्यापुढं बसून खरं काय ते विचारायचं, आणि तिथूनच कराडची गाडी धरायची, असं ठरवून निघालो. पाथर्डीहून जीप मिळाली. गावात उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. आमच्या घराला कुलूप होतं.

मी ते कुलूप हातात धरून पाहिलं. आमच्या घराला मी कधी कुलूप पाहिलं नव्हतं. कोणी ना कोणी असायचंच. दावणीला शेळी नव्हती. चुलीजवळच्या भिंतीवर ताजं सारवण नव्हतं. पलीकडच्या घरातल्या गयाकाकू, ज्यांचं वय तोडीला जाण्यापलीकडं गेलंय, काठी टेकत ओट्यावर आल्या. आमची शेळी त्यांच्याच दारात बांधलेली होती.

"दत्ता व्हय रं? कवा आला?"

"आत्ताच. आत्या कुठं गेली, काकू? रानात का?"

"कुठल्या रानात?" काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "आरं, तुला कुनी सांगितलंच न्हाई का? सांगनार बी कसं म्हना, तिनं समद्यांना आपली शपथ घातली हुती. पोराची परीक्षा होऊ द्या म्हनली."

"काय सांगितलं नाही?"

"सोजर कराडला गेली. संक्रांतीच्या आदीच. तुज्या बापाच्या जागंवर उभी ऱ्हायला. मुकादम आदी न्हाईच म्हनला, दोन बायांचा कोयता म्या धरत न्हाई म्हनला. तर ही फडात उतरली आन सरळ तोडाया लागली. म्हनली, सांजंला मोळ्या मोज, मंग बोल." काकू काठीवर जोर देऊन खाली बसल्या. "मोजल्या त्यानं. आता तुजी आई आन ती, दोघींचा मिळून एक कोयता हाय."